घडाघडा वाचते, पण विचारलं की गप्प

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी दुसरीत आहे. वाचनाची तिला पहिल्यापासून आवड. जोडाक्षरंसुद्धा न अडखळता वाचते. आल्यागेल्यासमोर वाचायला लावलं की सगळे कौतुक करतात. पण धडा संपल्यावर 'काय झालं गं गोष्टीत?' असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहते. 'समजलं का?' म्हटलं की 'हो' म्हणते. धड्याखालचे प्रश्न बरोबर सोडवते, मात्र तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. बाईंनी शेरा दिला, 'आकलन कमी, शब्दसंपत्ती वाढवा.' म्हणून गेले दोन महिने मी रोज दहा शब्द आणि त्यांचे अर्थ वहीत लिहून पाठ करून घेते. परवा 'विपुल म्हणजे खूप' असं सांगून वाक्य करायला दिलं. तिने लिहिलं, 'मला विपुल झोप आली.' हसावं की रडावं कळेना. मी ओरडले, ती रडली, आणि आता ती वही कपाटाखाली लपवून ठेवते. पूर्वी मी रोज रात्री गोष्ट वाचून दाखवायचे. आता तिला स्वतःला वाचता येतं म्हणून ते बंद केलं. घरातले म्हणतात, 'होईल आपोआप.' होईल का?

– एक आई

नमस्कार.

आधी त्या झोपेबद्दल बोलू. तुमच्या लेकीने काहीही चुकीचं केलेलं नाही. तुम्ही सांगितलंत की विपुल म्हणजे खूप. तिने 'मला खूप झोप आली' हे तिच्या रोजच्या बोलण्यातलं वाक्य घेतलं, 'खूप' उचलला, त्या जागी 'विपुल' बसवला. दिलेल्या माहितीवर याहून तर्कशुद्ध काम मलाही जमलं नसतं. असं जगभरातली मुलं करतात. १९८७ मध्ये जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी या अमेरिकी अभ्यासकांनी, शब्दकोशातला अर्थ वाचून मुलांनी केलेल्या वाक्यांबद्दल लिहिलं होतं. त्यातली कित्येक वाक्यं तुमच्या 'विपुल झोपे'च्या सख्ख्या बहिणी शोभतील. मुलं अर्थातला एखादा ओळखीचा तुकडा पकडतात, त्याचं वाक्य करतात आणि मग तुकड्याच्या जागी नवा शब्द ठेवतात.

शब्दाला अर्थ असतो तशी संगतही असते. पाणीसाठा विपुल असतो, एखाद्याचं लेखन विपुल असतं. झोप मात्र गाढ असते, फार तर अनावर होते. ही संगत तुम्हाला कुणी पाठ करून दिली नव्हती. तो शब्द तुम्हाला शंभर ठिकाणी भेटला, म्हणून ती कळली. लेकीची आणि 'विपुल'ची भेट एकदाच झाली, तीही वहीत, त्यानंतर ओरडा बसला. तेव्हा दहा शब्दांचं पाठांतर आजपासून बंद. वही टाकू नका, तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता मूळ दुखणं. धड्याखालचे प्रश्न बरोबर सोडवते, मग आकलन कमी कसं, हा पेच तुम्हाला पडला असणार. एक गंमत करू. हे वाचा:

'टिंबऱ्या झुमळात एक लोफट खिसळत होतं.'

प्रश्न: लोफट कुठे खिसळत होतं? उत्तर: टिंबऱ्या झुमळात. प्रश्न: झुमळात कोण खिसळत होतं? उत्तर: लोफट. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि त्यातलं अक्षरही तुम्हाला कळलेलं नाही, कारण ते वाक्य मी आत्ताच मनाने रचलंय. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा उतरवून काढायचा, ही युक्ती हुशार मुलांना पहिलीतच सापडते. तुमच्या लेकीला ती छान जमलेली दिसते. प्रश्न फिरवला की शेजार मोडतो, आणि गाडी अडते.

मराठी वाचणाऱ्या मुलांबाबत ही फसगत आणखी लवकर होते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं हाताशी आली की मूल समोर येईल ते वाचू शकतं, अर्थ ठाऊक असो वा नसो. आपण आवाज ऐकतो आणि गृहीत धरतो की आत दिवा लागलाय. तो लागलाय का हे ओळखायची एक सोपी खूण आपल्याच भाषेत आहे. 'सगळं जग झोपलं होतं' आणि 'तू शंभर वर्षं जग' या दोन वाक्यांत 'जग' एकसारखंच लिहिलं जातं, पण 'ज' वेगळा उच्चारला जातो. ओळ समजून वाचणाऱ्याचा 'ज' आपोआप बरोबर पडतो. नुसती अक्षरं वाचणारं मूल इथे अडखळतं, किंवा भलताच 'ज' म्हणून पुढे निघून जातं. असे शब्द कान देऊन ऐका. वाक्य कुठे तोडते तेही ऐका.

१९८६ मध्ये फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, जे आजही वापरलं जातं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. त्यातलं 'गुणिले' महत्त्वाचं. बेरीज असती तर एक बाजू कच्ची असूनही दुसरीने भागलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य.

याचा घरी उपयोग असा. तिने न पाहिलेली एक छोटी गोष्ट घ्या आणि या वेळी तुम्ही तिला वाचून दाखवा. मग गप्पांच्या ओघात विचारा, काय झालं. ऐकून नीट सांगितली, तर भाषा शाबूत आहे आणि तिची सगळी शक्ती अजून अक्षरं जुळवण्यात खर्च होतेय. वरून घडाघड वाटलं तरी असं असू शकतं. मग तिला सोप्या मजकुराचं, तोच तोच परत वाचण्याचं वळण द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात डोकं अर्थासाठी मोकळं होतं. ऐकूनही सांगता आली नाही, तर अडचण डोळ्यांपुढच्या अक्षरांत नाही. शब्दांत, वाक्यांत किंवा विषयाच्या माहितीत आहे. तुमच्या पत्रावरून मला हा दुसरा प्रकार वाटतो. तरी चाचणी करून पाहाच, माझ्या अंदाजावर विसंबू नका.

आता हे अडणं नेमकं कुठे होतं ते जवळून पाहू. पाच ओळी लिहिते:

'पावसाने उघडीप दिली तशी खार ढोलीतून डोकावली. समोरच्या फांदीवर माकड अंग चोरून बसलं होतं. त्याला पाहून तिला हसू आवरेना. "काल म्हणत होतास ना, घर हवं कशाला?" तिने विचारलं. माकडाने मान फिरवली.'

दुसरीचं मूल हे अर्ध्या मिनिटात वाचेल. धड्याखाली प्रश्न येईल, 'खार कोठून डोकावली?' मूल लिहील, 'ढोलीतून.' पूर्ण गुण. ढोली म्हणजे झाडाच्या खोडातली पोकळी, हे ठाऊक नसलं तरी पूर्ण गुण.

पण गोष्ट कुठे आहे? माकड भिजलंय, हे कुठेही लिहिलेलं नाही. त्याला घर नाही, हेही नाही. काल त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं होतं आणि माकडाने तेव्हा ऐट मारली होती, हे एका 'ना'वरून ओळखायचं. शेवटी ते लाजलं की रागावलं, हे 'मान फिरवली'वरून. लेखक निम्मी गोष्ट सांगतो, उरलेली वाचणाऱ्याने भरायची असते. हे भरणं म्हणजेच आकलन, आणि ते शिकवावं लागतं हे आपण मोठे विसरतो, कारण आपल्याला ते भरताना जाणवतही नाही.

शब्दांकडे बघा. 'अंग चोरून' वाचल्यावर कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी चोरलं असं मुलाला वाटलं तर नवल नाही. माझ्या मुलाला मी एकदा म्हटलं, 'हळू बोल, आजीचा डोळा लागलाय.' त्याने घाबरून विचारलं, 'कशाला लागला? रक्त आलं?' तेव्हा मी हसले, आणि मग मोजत बसले. आपल्याकडे आग लागते, तहान लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, नाद लागतो. या सगळ्या गर्दीत डोळाही लागतो. 'लागणे म्हणजे काय' हे वहीत एका ओळीत लिहून दाखवा पाहू!

मग 'त्याला पाहून तिला'. कोणाला पाहून कोणाला? इथे खार स्त्रीलिंगी आणि माकड नपुंसकलिंगी आहे म्हणून सुटतं. दोन मुलगे असले की गोंधळ वाढतो. 'दादाने मनूला आपली छत्री दिली' आणि 'दादाने मनूला त्याची छत्री दिली' या वाक्यांत छत्री कोणाची, हे लेकीला विचारून पाहा. पहिल्यात दादाची, दुसऱ्यात बहुधा मनूची. एवढ्याशा शब्दावर गोष्ट फिरते, आणि धड्याखालच्या प्रश्नांत त्याची कधी चौकशी होत नाही. गोष्ट वाचताना मधेच बोट ठेवून 'हा "तो" म्हणजे कोण गं?' एवढंच विचारा. दर पानाला एकदा पुरे.

आणखी एक, खास मराठीचं. 'पाऊस' तिला माहीत आहे. 'पावसाने' दिसला की त्यात तो पाऊस तिला दिसतो का? विहीर विहिरीत जाते तेव्हा तिची वेलांटी बदलते. कापसाच्या आत कापूस लपलेला असतो, माणसांच्या आत माणूस. बोलताना मूल हे सगळं बिनचूक वापरतं, पण छापील अक्षरांत ते ओळखू यायला वेळ लागतो. त्यासाठी व्याकरण शिकवत बसू नका. एखादा शब्द घ्या आणि 'यात कोण लपलंय?' असा खेळ खेळा. 'घरासमोरच्या'मध्ये घर, समोर आणि वर एक प्रत्यय. 'विसराळू'मध्ये विसर. मग लाजाळू, झोपाळू, मायाळू ओळीने येतात. एकदा का ही किल्ली सापडली की एका शब्दावर चार फुकट मिळतात, आणि मुलांना फुकट मिळालेलं आवडतं.

छापील मराठी आणि घरातली मराठी यांतही अंतर असतं. पुस्तकात 'तेथे', 'परंतु', 'तथापि', 'त्याने उत्तर दिले'. घरी 'तिथे', 'पण', 'दिलं'. त्यातही वाक्यं जोडणारे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात: तरीही, मात्र, अन्यथा, म्हणून, जोपर्यंत. हे शब्द चित्रात दाखवता येत नाहीत, त्यामुळे कुणी शिकवत नाही. पण 'तो दमला होता म्हणून थांबला नाही' आणि 'तो दमला होता तरी थांबला नाही' यांतलं पहिलं वाक्य खटकायला हवं. खटकलं नाही, तर हेच शब्द रोजच्या बोलण्यात मुद्दाम आणा. 'पाऊस पडतोय, तरीही आपण जाणार आहोत.' 'जोपर्यंत बूट सापडत नाहीत, तोपर्यंत निघता येणार नाही.' सकाळच्या धांदलीत हे आपोआपच होतं म्हणा.

आता शब्द किती आणि कोणते. रोज दहा ऐवजी आठवड्याला चार-पाच घ्या. अमेरिकी अभ्यासक इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकीऑन यांनी शब्दांच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत, त्या मला कामाला येतात. खालच्या पायरीवरचे पाणी, खिडकी, धावणे हे शब्द मूल आपसूक शिकतं. वरच्या पायरीवर बाष्पीभवन, त्रिकोण असे त्या त्या विषयाचे शब्द. ते विषय येईल तेव्हा येतील. मेहनत मधल्या पायरीवर घ्यायची: निरखणे, हिरमुसणे, अलगद, बेत, नाइलाज, पुटपुटणे, अखेर. हे कुठल्याही गोष्टीत भेटतात, आणि मुलाला त्यामागची कल्पना आधीच माहीत असते. हिरमुसण्याचा अनुभव तुमच्या लेकीला आहे, त्या वहीपायी नुकताच आलाय. फक्त त्याला नाव नाही.

अर्थ सांगताना समानार्थी शब्द देऊ नका, प्रसंग द्या. 'हिरमुसला म्हणजे खिन्न झाला' हे एका कुलुपाची किल्ली दुसऱ्या कुलुपात ठेवण्यासारखं आहे. त्यापेक्षा, 'आपण एखादी गोष्ट उत्साहाने दाखवायला जातो, समोरचा बघतही नाही, आणि आपला चेहरा असा पडतो ना, ते हिरमुसणं.' मग तिला विचारा, 'तू कधी हिरमुसली होतीस?' आणि मग 'खेळणं हिरमुसेल का?' असा एखादा वेडा प्रश्न. संगत कळते ती अशा वेड्या प्रश्नांतून. 'विपुल झोप' का बरी वाटत नाही, हे मूल स्वतःच एक दिवस हसत हसत सांगेल.

त्यानंतर तो शब्द आठवडाभर वेगवेगळ्या निमित्तांनी घरात फिरता ठेवायचा. नुसतं वाचनात एकदा भेटून शब्द फारसा लागत नाही. १९९९ मध्ये स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर या संशोधकांनी वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सहज वाचताना आलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधरा मुलांच्या पदरात पडतात, असं त्यांना दिसलं. हे प्रमाण ऐकून काहींना धक्का बसतो. मला तर ते दिलासा देणारं वाटतं. शंभर शब्द भेटले तर पंधरा, हजार भेटले तर दीडशे. भेटी वाढवायच्या, एवढंच आपल्या हाती.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट ओरडणं नव्हे, ती रात्रीची गोष्ट बंद केलीत ती. आजच पुन्हा सुरू करा. या वयात मूल स्वतः जे वाचू शकतं ते त्याच्या समजेच्या मानाने फार सोपं असतं. ऐकून त्याला त्याच्या पुढचं कळतं. म्हणून तिने स्वतः वाचायचं ते सोपं, आणि तुम्ही वाचून दाखवायचं ते तिच्या इयत्तेच्या दोन पावलं पुढचं, असे दोन वेगळे गठ्ठे ठेवा. लांबलचक गोष्ट असेल, आठवडाभर पुरणारी, तर उत्तम. काल कुठे थांबलो होतो हे तिलाच सांगायला लावा. प्रश्न न विचारता सारांश मिळतो.

'आम्ही घरात भरपूर बोलतो, मग पुस्तकच का?' असं काही पालक विचारतात. बोलण्यात आपण तेच ते शब्द फिरवतो. १९८८ मध्ये हेझ आणि आरेन्स यांनी इंग्रजीत मोजणी केली. मुलांच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे सुमारे ३१ दुर्मीळ शब्द आले. महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यात सुमारे १७. मराठीत आकडे वेगळे निघतील, पण कुठलंही मुलांचं पुस्तक उघडून आपल्या दिवसभराच्या बोलण्याशी ताडून बघा. 'आवर', 'चल', 'ठेव', 'लवकर' यापलीकडे आपण जातो तरी किती?

वाचताना थांबायचं तेही जरा जपून. दर ओळीला 'याचा अर्थ काय' विचारलंत तर गोष्टीची परीक्षा होते आणि मूल पळतं. अवघड शब्दाला अर्धं वाक्य जोडून पुढे जा: 'खार ढोलीतून, म्हणजे झाडातल्या त्या पोकळ जागेतून, डोकावली.' तुमचेही प्रश्न मोठ्याने बोला. 'हे माकड गप्प का बसलं असेल? मला वाटतं, त्याला कालचं आठवलं.' विचार कसा करतात हे मुलाला दिसत नाही, ते ऐकवावं लागतं. आणि कधी कधी चुकीचा अंदाज बांधा. आईला दुरुस्त करण्यासारखं सुख नाही.

'समजलं का?' हा प्रश्न मात्र सोडा. त्याचं उत्तर 'हो'च येतं, आणि मूल खोटं बोलत नसतं. आपल्याला समजलेलं नाही हेच त्याला समजलेलं नसतं. १९७९ मध्ये एलेन मार्कमन यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना असे उतारे दिले ज्यात उघड विसंगती होती. एकात म्हटलं होतं की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो. पुढे होतं की तिथले काही मासे आपलं अन्न रंगावरून ओळखतात. बऱ्याच मुलांना त्यात काही खटकलं नाही. खटकण्याची सवय लावता येते. गोष्ट वाचून दाखवताना मुद्दाम एक गडबड घाला. वर खारीला ढोलीत बसवलंय, खाली तिला पाण्यात पोहायला लावा. पहिल्या दिवशी लेक निमूट ऐकेल. चौथ्या दिवशी ओरडेल, 'आई, काहीही काय!' ते 'काहीही काय' पुढे स्वतः वाचतानाही तिच्या डोक्यात वाजायला लागतं.

एक गोष्ट पालकांना पटकन पटत नाही. आकलन ही सगळीकडे सारखी चालणारी शक्ती नाही, ते विषयागणिक बदलतं. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण खेळाची जाण असलेली मुलं वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा मुंग्या, चंद्र, पूल, जहाजं, शरीर, जुना काळ असं काहीही तिच्या कानावर पडू द्या. एखादा विषय आवडला तर महिनाभर तोच चालू द्या. मुंग्यांवर चार पुस्तकं वाचली की 'वारूळ', 'रांग', 'कष्टाळू', 'साठवण' पुन्हा पुन्हा भेटतात, आणि चौथं पुस्तक तिला पहिल्यापेक्षा निम्म्या कष्टात कळतं. पालक म्हणतात, सारखं तेच वाचते. वाचू द्या की.

शाळेच्या प्रश्नोत्तरांशी भांडू नका, ती लिहू द्या. फक्त शेवटी एक तुमचा प्रश्न जोडा, ज्याचं उत्तर धड्यात छापलेलं नाही. 'तू खार असतीस तर माकडाला काय म्हणाली असतीस?' लिहायची सक्ती नको, तोंडी चालेल.

'आपोआप होईल' म्हणणाऱ्यांबद्दल. बोलणं आपोआप येतं, वाचून समजणं तसं येत नाही, आणि मागे पडलेलं मूल कमी वाचतं, कमी वाचलं की शब्द आणखी कमी होतात. पण सात वर्षं म्हणजे उशीरही झालेला नाही. सहा महिने हे करून पाहा. मात्र रोजच्या बोलण्यातल्या दोन-तीन टप्प्यांच्या सूचनाही तिला कळत नसतील, सांगितलेलं सारखं 'आं?' म्हणून परत विचारत असेल, किंवा घडलेला प्रसंग ओळीने सांगता येत नसेल, तर सहा महिने थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग वाचा-भाषा तज्ज्ञांना भेटा.

राहिली ती वही. कपाटाखालून ती काढायला लेकीलाच सांगा. आता ती तिची. तिला ऐकताना किंवा वाचताना जो शब्द मजेशीर वाटेल तो तिने लिहायचा, हवं तर शेजारी चित्र काढायचं. अर्थ लिहायची सक्ती नाही, पाठ करायचं नाही, तपासायचं तर अजिबात नाही. 'विपुल झोप' खोडू नका, तिथेच राहू द्या.

दोन महिन्यांनी पत्र पाठवा. गुणपत्रिका नको. कुठला शब्द तिने न सांगता, कुठे वापरला, तेवढं कळवा.

– तुमची ताई